सुपीक खडकाच्या मुलखात एक दिवस

वाचकहो, तुमच्या शिवारात एखादा तुकडा असा नक्की असेल, ज्याला घरातले सगळे 'पडीक' म्हणतात. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा म्हणून असते. तिथे नांगर लागत नाही, पाभर चालत नाही. पावसाळ्यात कुसळी गवत येते, चार शेळ्या फिरतात, आणि बाकी वर्षभर तो तुकडा कुणाच्या लक्षातही नसतो. आमचाही असा साडेतीन एकरांचा माळ आहे. त्या माळाची आठवण मला कुठे यावी? सातासमुद्रापलीकडे, आयर्लंडमध्ये! ती कशी आली, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडे मोठे. त्याचा उत्तरेकडचा लहान भाग ब्रिटनकडे आहे, बाकीचा मोठा भाग १९२२ साली वेगळा झाला. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाचे शहर आहे. वैद्यकीय उपकरणे बनवणारे बरेच कारखाने तिथे आहेत, आणि त्यांतल्या एकात माझी लेक नोकरीला आहे. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने हट्टच धरला, म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले.

लेक आणि जावई दिवसभर कामावर. मग मला तिथे दोन मैत्रिणी मिळाल्या. एक सोलापूरकडच्या वहिनी, माझ्यासारख्याच मुलाकडे आलेल्या. दुसरी आमच्या शेजारची आयरिश बाई. सारी नोकरी दवाखान्यात परिचारिका म्हणून केलेली, म्हणून आम्ही दोघी तिला नर्सबाईच म्हणायचो. तिलाही ते नाव आवडले होते. माझे इंग्रजी शाळामास्तरणीचे, वहिनींचे त्याहून थोडे, पण भाजी निवडताना आणि चहा पिताना भाषा कुठे आडवी येते?

एक दिवस नर्सबाई म्हणाली, "तुम्ही दोघी शेतकऱ्याच्या घरच्या. शहर काय बघता? शनिवारी माझ्या माहेरी चला. माझा भाऊ गुरं डोंगरावर नेणार आहे."

शुक्रवारी रात्री गावाहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आपल्या माळावर खडीक्रशरवाला आलाय. पैसे चांगले देतोय. दादा गेल्यापासून उताऱ्यावर तुमचं नाव आहे, तुमची सही लागंल. तसाही तो दगडच आहे." मी म्हटले, "आल्यावर करते सही." आणि झोपले.

सकाळी आठ वाजले तरी नीट उजाडले नव्हते. थंडी आपल्या पौषातल्या पहाटेसारखी, वर बारीक पाऊस. नर्सबाईच्या छोट्या मोटारीत आम्ही तिघी निघालो. वहिनींनी मांडीवर कापडी पिशवी धरली होती. त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. "परमुलखात उपाशी राहायला नको," हे त्यांचे म्हणणे.

गॉलवेच्या आखाताला वळसा घालून रस्ता किनव्हारा या कोळ्यांच्या गावातून क्लेअर जिल्ह्यात शिरतो. तोवर दोन्ही बाजूंना हिरवीगार कुरणे होती. मग एक वळण आले आणि हिरवे एकदम संपले. समोर राखाडी डोंगर उभे राहिले, पायऱ्यापायऱ्यांचे, झाड नसलेले, जणू कुणी डोंगराची कातडी सोलून काढली आहे. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! इथं काय दगड पेरलेत का काय?"

या मुलखाचे नाव बरन. आयरिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच खडकाळ जागा. कोकणातला कातळसडा तुम्ही पाहिला असेल, तसेच हे, पण तो जांभा आणि हा चुनखडीचा दगड. तीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी शिंपल्यांचा आणि सागरी जिवांचा थर साचत गेला, त्याचा हा दगड झाला. पुढे हिमयुगात बर्फाच्या प्रचंड लादीने वरचे सारे खरवडून नेले. उरलेल्या दगडात पावसाच्या पाण्याने भेगा पाडल्या. त्यांतल्या काही भेगा माणूसभर खोल आहेत. पाऊस पडतो पुष्कळ, पण सारे पाणी त्या भेगांतून जमिनीच्या पोटात जाते. वर नदी-ओढे जवळजवळ नाहीतच. सखल भागात काही तळी आहेत, तीही हिवाळ्यात भूगर्भातले पाणी वर आले की भरतात आणि उन्हाळ्यात तळातून आटतात.

१६५१ च्या सुमारास इंग्रज सेनापती क्रॉमवेलचा एक सरदार इथे आला होता. इथे बुडायला पाणी नाही, फासाला झाड नाही, पुरायला माती नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. पण त्याच माणसाने आणखीही एक गोष्ट टिपली, की इथली गुरे मात्र चांगली लठ्ठ आहेत. हे ऐकल्यावर माझे कान टवकारले. गवत दिसत नाही आणि गुरे लठ्ठ? हे कसे काय?

वाटेत नर्सबाईने एका दरीत मोटार थांबवली. तिथे कॉर्कमरो नावाचा पडका मठ आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी किंवा तेराव्याच्या सुरुवातीला ख्रिस्ती साधूंनी तो बांधला. हे साधू स्वतः शेती करणारे. आता मठाचे बहुतेक छप्पर उरलेले नाही, पण भिंती शाबूत आहेत, आणि कमानींवर दगडात कोरलेली पाने-फुले अजून ओळखू येतात. त्या साधूंनी मठाला लॅटिन भाषेत नाव दिले होते, त्याचा अर्थ 'सुपीक खडकाची माता मेरी'. मी नर्सबाईला पुन्हा विचारले, "सुपीक? खडक?" ती म्हणाली, "हो. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसांनासुद्धा ते कळलं होतं. पुढं चला, दाखवते."

पुढे बॅलीवॉन गाव लागले, आणि तिथून दक्षिणेला माळावर पुलनाब्रोन. पाच-सहा उभ्या शिळा आणि त्यांवर तिरपी टेकवलेली एक मोठी पातळ शिळा. लांबून पाहिले तर दगडी मेजच. हे थडगे आहे, साडेपाच हजार वर्षांहून जुने. १९८५ साली एका उभ्या शिळेला तडा गेलेला दिसला. ती बदलण्याच्या निमित्ताने, १९८६ आणि १९८८ साली, पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन लिंच यांनी इथे उत्खनन केले. खडकाच्या भेगांतून तीसहून जास्त माणसांची हाडे निघाली. त्यांत मुलेही होती. मोठ्यांपैकी बहुतेक जण तिशीच्या आतच गेलेले. हाडांवर जड ओझी वाहिल्याच्या खुणा होत्या. दात झिजले होते, ते दगडावर दळलेल्या धान्यातल्या कचीने.

ही आयर्लंडमधली अगदी सुरुवातीची शेतकरी माणसे. वहिनी त्या शिळेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, माझ्या सासूबाईंचे दात असेच होते. आमचं जातं नवं टाकी लावलेलं असलं की भाकरीत कचकच यायची." साडेपाच हजार वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर त्या एका वाक्यात पार झाले!

तिथून थोड्याच अंतरावर नर्सबाईचे माहेर. घर दगडी, बैठे, पुढे फाटक. भाऊ सत्तरीचा, उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हातात हात घेतला तर तो हात आपल्याच कुणा काकाचा वाटावा, इतका खरखरीत. त्याने आधी चहा दिला, मग घरचा पाव. हा पाव सुगरणींनी ऐकण्यासारखा आहे. गव्हाचे जाडसर पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक, बस्स. खमीर नाही, तासन्‌तास मळणे नाही. गोळा थापून वर सुरीने फुली मारायची आणि भट्टीत भाजायचा. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पाव फुगतो. वहिनींनी पिशवीतून शेंगाची चटणी काढली. त्या शेतकरीदादाने पावावर लोणी लावले, त्यावर चटणी पसरली, आणि डोळ्यांतून पाणी आले तरी दुसरा तुकडा मागून घेतला.

चहा झाल्यावर सगळे बाहेर पडलो. गोठ्याजवळच्या कुरणात चाळीसेक गाई आणि कालवडी वाट बघतच होत्या. वाट बघत होत्या असे मी उगीच म्हणत नाही. ऑक्टोबर संपत आला की त्या आपण होऊन डोंगराकडच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. शेतकरीदादाची लेक डब्लिनला शिक्षिका आहे. ती दर वर्षी या एका दिवसासाठी येते. तिचा दहा वर्षांचा मुलगा काठी घेऊन पुढे निघाला. मागे आम्ही बायका, आणि सगळ्यांत मागे म्हातारा आणि त्याचे कुत्रे.

आता ती गोम सांगते. साऱ्या जगात डोंगराळ मुलखातले लोक उन्हाळ्यात गुरे वर नेतात आणि हिवाळ्यात खाली आणतात. बरनमध्ये उलटे चालते. इथे गुरे हिवाळ्यात वर जातात आणि एप्रिलच्या आसपास खाली येतात. कारण विचारले, तर दादाने बोटांवर मोजून दाखवले.

पहिले कारण पाण्याचे. उन्हाळ्यात डोंगरावर थेंब नसतो, हिवाळ्यात झरे सुटतात. दुसरे, चुनखडीचा हा खडक उन्हाळाभर ऊब साठवतो आणि हिवाळ्यात ती हळूहळू सोडतो, त्यामुळे भेगांमधले गवत थंडीतही तग धरते. तिसरे, खाली हिवाळ्यात चिखल होतो, गुरांचे खूर खराब होतात. खडकावर चिखल कुठला? जनावराला बसायला कोरडी जागा मिळते. चौथे, चुनखडीवरच्या गवतात चुना जास्त, त्याने हाडे बळकट होतात. आयर्लंडमध्ये बहुतेक शेतकरी हिवाळ्याचे महिने गुरे गोठ्यात बांधून मुरघास घालतात. इथे जनावर बाहेर राहते, आपले खाते आणि धडधाकट राहते. गाभण गाईसुद्धा.

पाचवे कारण दादाने शेवटी सांगितले. "मे महिन्यात या. तेव्हा हा दगड फुलतो." एरवी आर्क्टिकच्या थंड प्रदेशात किंवा उंच पर्वतांवर उगवणारी फुले आणि दक्षिणेच्या उबदार देशांतली फुले इथे शेजारी-शेजारी उगवतात. गडद निळे जेन्शियन, पांढरी माउंटन अ‍ॅव्हन्स, तऱ्हेतऱ्हेची ऑर्किड. आयर्लंडमधल्या देशी वनस्पतींच्या जातींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश या एवढ्याशा मुलखात सापडतात. आणि हे गुरांमुळे. हिवाळाभर गुरांनी वाळलेले दाट गवत खाऊन टाकले, की वसंतात लहान रोपांना ऊन मिळते. उन्हाळ्यात गुरे खाली असतात, म्हणून फुलांना बी धरायला निवांत वेळ मिळतो. इथली गुरे फूल खात नाहीत, फुलाला जागा करून देतात.

ही गोष्ट शहाण्या माणसांनाही उशिरा कळली. १९७३ साली आयर्लंड युरोपच्या सामायिक बाजारात गेले. मग अनुदाने आली, मोठे गोठे आले, मुरघास आला, मोठ्या चणीच्या जाती आल्या. तरुण पोरे नोकरीला लागली. डोंगरावर रोज चढून गुरे बघायला वेळ कुणाला? गुरे खालीच राहू लागली. आणि वर हेझल नावाचे झुडूप पसरू लागले. आपल्याकडे घाणेरी जशी बघता बघता माळ गिळते, तसे. फुले गेली, पायवाटा गेल्या, जुने दगडी गडगे झुडपात बुडाले.

तेव्हा काहींना वाटले, निसर्ग राखायचा तर शेतकऱ्याला बाजूला करा. पण ब्रेंडन डनफोर्ड नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी शेतकऱ्यांनाच जाऊन विचारले. २००५ साली युरोपच्या मदतीने वीस शेतांवर प्रयोग सुरू झाला. २०१० पासून सरकारने तो मोठा केला, आणि पुढे तीनशेहून जास्त शेतकरी त्यात आले. पद्धत साधी. दर वर्षी प्रत्येक कुरणाला दहापैकी गुण द्यायचे. गवत, फुले, पाणी, झुडपे, सारे बघायचे. जितके गुण जास्त, तितके पैसे जास्त. कसे करायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. झुडपे तोडायला, पडलेले गडगे रचायला, पाण्याची टाकी बसवायला वेगळी मदत. २०२३ पासून ही कल्पना देशभराच्या योजनेत सामावली गेली.

दादा हसून म्हणाला, "मी शाळेत कधी दहापैकी आठ मिळवले नव्हते. माझ्या या कुरणाला मिळाले." मी मास्तरीण, मला काय आनंद झाला असेल सांगा!

बोलता बोलता वरचे फाटक आले. नातवाने कडी काढली. पुढची म्हातारी गाय क्षणभर थांबली, मान वर करून वास घेतला, आणि मग काय! एवढ्या जड गाई, पण वासरांसारख्या उधळत वर गेल्या. खडकांवर खुरांचा आवाज घुमला. दादा टोपी काढून बघत राहिला.

नर्सबाई मला हळूच म्हणाली, "त्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात विजेची कामं करतो. परत येणार नाही. दर वर्षी म्हणतो, हे शेवटचं वर्ष."

मी दादाला विचारले, "तुमच्यानंतर गुरं वर कोण आणणार?" विचारल्यावर वाटले, चुकले आपले. पण तो रागावला नाही. म्हणाला, "माझा पणजोबा या जमिनीवर कूळ होता. मालक इंग्लंडात राहायचा. आजोबांनी कायद्याचा फायदा घेऊन, हप्ते फेडून ती नावावर केली. मी ती सोडली तर पाच-दहा वर्षांत हेझल सारं घेईल. मग कुणी वर येऊ म्हटलं तरी वाट सापडणार नाही. वाट गाईंनाच माहीत आहे. आणि त्यांना ती त्यांच्या आयांनी दाखवली आहे." इतके बोलून तो नातवाकडे वळला आणि पुढे चालणारी गाय कशी ओळखायची ते त्याला दाखवू लागला. पोराने लक्ष देऊन ऐकले. पुढे काय होईल ते आज कोण सांगणार?

तो ज्या कायद्याबद्दल बोलत होता, तो १९०३ चा. आपल्या कूळकायद्यासारखाच. सरकारने कर्ज दिले आणि कुळांनी जमीनदारांकडून जमिनी घेतल्या. पण त्याआधी त्या लोकांनी काय भोगले, ते पुढच्या रस्त्यावर कळले.

दादाचा निरोप घेऊन आम्ही समुद्राकडे निघालो. लिसडूनव्हार्नाकडे चढताना कॉर्कस्क्रू हिल नावाचा नागमोडी घाट लागतो. नर्सबाई म्हणाली, "हा रस्ता दुष्काळात पोटासाठी राबणाऱ्या माणसांनी बांधला." १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला. आपले बटाट्याचे शेतकरी त्याला चांगले ओळखतात, तोच तो उशिरा येणारा करपा. गरीब कुळांकडे जमीन एवढीशी, खंड भारी. धान्य आणि जनावरे खंडापायी विकली जायची आणि घरात खायला फक्त बटाटा. तोही बहुतेक एकाच वाणाचा. वाण एकच, म्हणून रोगाला सगळी शेते सारखीच बळी पडली. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली. दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. आणि त्याच काळात बंदरांतून धान्य व गुरे बाहेर जातच होती. १८४१ साली बेटाची लोकसंख्या एक्क्याऐंशी लाखांवर होती. अजूनही, पावणेदोनशे वर्षांनंतर, ती तेवढी झालेली नाही.

त्या संकटात आपल्या कलकत्त्यातूनही मदतीचा निधी गोळा होऊन आयर्लंडला गेला होता. नर्सबाईला ते ठाऊक होते. मलाच नव्हते.

सरकारने तेव्हा दुष्काळी कामे काढली. उपाशी माणसांनी दगड फोडायचे, रस्ते आणि भिंती बांधायच्या. काही भिंती तर डोंगरावर सरळ चढत जातात आणि कशालाच कुंपण घालत नाहीत. मी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून त्या रस्त्याच्या कडेच्या दगडाला हात लावला. वाचकहो, १९७२ साली मी नऊ वर्षांची होते. माझी आई खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या बांधून, धाकट्याला झोळीत टाकून. संध्याकाळी सुकडी घेऊन यायची आणि आम्हाला वाटून द्यायची. त्या कामांतूनच पुढे आपल्याकडे रोजगार हमी उभी राहिली, हे खरे. पण तेव्हा आम्हाला फक्त आईची बोटे दिसायची. वहिनींची आईही खडीवर होती. आम्ही दोघी काही बोललो नाही. नर्सबाईने आमचे तोंड पाहिले आणि तिनेही काही विचारले नाही. बाटलीतला चहा ओतून दिला.

असा उदास दिवस संपू नये, म्हणून की काय, पुढे लिसडूनव्हार्ना आले. या गावात दर सप्टेंबरला लग्न जुळवणारी जत्रा भरते. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा! सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की आडगावचे ब्रह्मचारी शेतकरी इथे यायचे आणि मध्यस्थ त्यांच्या सोयरिकी जुळवायचा. आता देशोदेशीचे लोक नाचगाण्यासाठी येतात. वहिनी म्हणाल्या, "आमच्या पुतण्याला इथंच पाठवते. शेती आहे म्हणून मुलगी मिळंना त्याला." नर्सबाईला त्याचा अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, "इथंही तेच दुखणं आहे." आणि तिघी हसलो. हसू कडवट होते, पण हसू होते.

दिवस कलता कलता मोहरचे कडे गाठले. पुष्कळ प्रवासी आयर्लंडला येतात ते हेच बघायला. चौदा किलोमीटर लांब, सरळ समुद्रात तुटलेली कड. सर्वांत उंच जागी २१४ मीटर. तिथे ओब्रायन नावाच्या जमीनदाराने १८३५ साली बांधलेला बुरूज आहे. खाली अटलांटिक महासागर धडका देत होता आणि त्याचे तुषार वाऱ्याने वर येत होते. वहिनींनी पदर कानाला घट्ट गुंडाळला आणि हात जोडले. दृश्य भव्य खरेच. पण खरे सांगते, माझ्या डोळ्यांसमोर त्या फाटकातून उधळत गेलेल्या गाईच होत्या.

रात्री घरी आल्यावर मी दिरांना फोन लावला. "भाऊजी, सही आत्ता नको. आधी मी येते, एक पावसाळा तो माळ बघते." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

डिसेंबरात गावी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी माळावर गेले. एवढी वर्षे या घरात नांदले, पण तिथे मी पुरती कधी फिरलेच नव्हते. दर वर्षी मेंढरे घेऊन येणारे मेंढपाळदादा तिथेच भेटले. त्यांना विचारले, "तुम्ही आमच्या या दगडावर कशाला येता?" ते म्हणाले, "बाई, खालच्या अंगाला पौषापर्यंत पाझर असतोय. हितलं गवत बारीक, पण कोकरू लवकर धरतं. माझा बापबी हितंच बसायचा." आमच्या जमिनीबद्दल आम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांच्या घरात दोन पिढ्या ठाऊक होती!

भाऊजींचा राग अजून गेलेला नाही. त्यांचेही चुकीचे नाही. ते पैसे मोठे होते, त्यांच्या मुलाच्या शिक्षणाला लागले असते. आपल्याकडे त्या माळाला दहापैकी गुण देणारा कुणी नाही आणि गुणांचे पैसे देणाराही नाही. म्हणून निर्णय अजून व्हायचा आहे. मी मागितला आहे तो एक पावसाळा.

तुम्हाला एवढेच सांगणे, की तुमच्या पोटखराब्यावर सही करायची वेळ आली, तर त्याआधी एकदा तिथे जाऊन या. एकटे जाऊ नका. तिथे गुरे चारणाऱ्याला सोबत घ्या, आणि वाट त्याला दाखवू द्या.